पोटात पाणी, किडनी तहानलेली
लिव्हरच्या आजारात पोटात पाणी झालं की डॉक्टर लघवीच्या गोळ्या देतात. कधी त्यांनीच किडनी बिघडते. असं का? शिरूर-दौंडकडं आपण पाहतोच, शेतात पाणी तुंबलेलं आणि चारी कोरडी. तसंच पोटात पाणी साचतं, पण किडनीला रक्त कमी पोचतं.

म्हणून रोज सकाळी वजन करा. पायावर सूज नसताना दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त उतरलं, लघवी कमी झाली किंवा माणूस बरळू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन तपासून गोळ्या कमी किंवा बंद करतात. गरज पडली तर सुईनं पाणी काढतात. पाच लिटरच्या वर काढलं तर शिरेतून अल्ब्युमिन देतात.

घरी लोणचं, पापड, खारे दाणे बंद. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको. लघवीची गोळीही आपल्या मनानं वाढवू नका.