कॉलेजची लॅब, सरकारचा पैसा, कंपनीचा अनुभव: तुमच्या गल्ल्याशी याचा संबंध काय?

या आठवड्याच्या व्हिडिओत विषय घाईत उरकावा लागला, म्हणून इथे जरा निवांत बोलू. विषय मोठा वाटेल: विद्यापीठं, सरकार आणि उद्योग एकत्र येऊन इन्फ्रास्ट्रक्चर आणि माहितीची सुरक्षा कशी सांभाळतात. तुम्ही म्हणाल, "आम्हाला किराणा, बुटीक, फॅब्रिकेशन युनिट टाकायचंय, आमचा काय संबंध?" संबंध आहे. तो थेट पैशाशी आहे.

३१ जुलै २०२४ ची गोष्ट घ्या. सी-एज टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना कॉम्प्युटर यंत्रणा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. म्हणजे हॅकरनी यंत्रणेलाच कुलूप घातलं. संसर्ग पुढे पसरू नये म्हणून एनपीसीआयने त्या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढलं. परिणाम? जवळपास ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांना यूपीआय आणि एटीएम वापरता येईना. दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर आली. पण विचार करा: हल्ला ना दुकानावर झाला, ना ग्राहकावर, ना खुद्द बँकेवर. तरी काउंटरवरचा व्यवहार अडला.

इन्फ्रास्ट्रक्चर म्हणजे फक्त रस्ते आणि पूल नव्हेत

आपण इन्फ्रास्ट्रक्चर म्हटलं की सिमेंट आठवतं. पण वीज, पाणी, बँका, टेलिफोन, रेल्वे, दवाखाने हे सगळं आज कॉम्प्युटरवर चालतं. व्हॉल्व्ह उघडायचा की बंद करायचा, हे माणूस नाही, मशीन ठरवतं. त्या मशीनमध्ये कुणी घुसलं तर नुसता डेटा जात नाही, पाणी बंद होतं, लाईट जाते. म्हणून २०१४ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-अ खाली एनसीआयआयपीसी ही वेगळी संस्था नेमली. अत्यंत महत्त्वाच्या यंत्रणांचं रक्षण हेच तिचं काम.

मग प्रश्न येतो: यात कॉलेज कुठून आलं?

सगळं सुरू झालं एका विद्यार्थ्यापासून

२ नोव्हेंबर १९८८. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. तो स्वतःच्या प्रती काढत एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायचा. तेव्हाचं इंटरनेट छोटं होतं, साधारण ६० हजार मशीनचं. त्यातली अंदाजे ६ हजार मशीन ठप्प झाली. मोठी अडचण वेगळीच निघाली: कोणी कोणाला फोन करायचा, हेच कुणाला माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एक केंद्र सुरू केलं. त्याचं नाव सर्ट. संकटाच्या वेळी सगळ्यांनी एकाच ठिकाणी कळवायचं आणि तिथून सगळ्यांना सावध करायचं, अशी व्यवस्था. पुढे जगभर देशोदेशी अशा सर्ट उभ्या राहिल्या. आपली सर्ट-इन जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली.

आता हे केंद्र विद्यापीठातच का? नीट समजून घ्या, कारण भागीदारीचं सगळं गणित इथेच आहे. दोन कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक असतात. "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक आहे" हे एक कंपनी दुसरीला कधी सांगेल का? सरकारला सांगायलाही दहा वेळा विचार करेल. विद्यापीठ मात्र कुणाचा माल विकत नाही, कुणावर कारवाईही करत नाही. म्हणून तिथे विश्वासाने बोलता येतं. कार्नेगी मेलनच्या केंद्राचा एक साधा नियम आहे: दोष सापडला की आधी कंपनीला कळवायचं आणि साधारण ४५ दिवसांनी तो जाहीर करायचा. कंपनीला दुरुस्तीला वेळ मिळतो आणि प्रकरण दाबताही येत नाही.

खोटं पाणी-केंद्र, खरा सराव

दुसरं उदाहरण सिंगापूरचं. शहराला पाणी पुरवणाऱ्या खऱ्या केंद्रावर "बघू या, हल्ला केला तर काय होतं" असा प्रयोग कोणी करू देईल का? नाही ना! म्हणून तिथल्या एसयूटीडी या विद्यापीठाने संरक्षण मंत्रालयाच्या साथीने २०१२ मध्ये आयट्रस्ट हे केंद्र उभारलं. २०१५ मध्ये त्यांनी पाणी शुद्ध करणारी छोटी पण खरीखुरी यंत्रणा बांधली. तिचं नाव स्वाट. सहा टप्पे, मिनिटाला ५ गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर पाणी. पंप खरे, सेन्सर खरे, कंट्रोलर कारखान्यात असतात तसेच.

या यंत्रणेवर मुद्दाम हल्ले केले जातात. टाकीत पाणी काठोकाठ असताना सेन्सरला "टाकी रिकामी आहे" असं खोटं बोलायला लावायचं आणि पंप काय करतो ते बघायचं. यातून तयार झालेला डेटा जगभरच्या संशोधकांना वापरायला दिला जातो.

आपल्याकडे? डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने सायबर-फिजिकल यंत्रणांसाठी ३,६६० कोटी रुपयांचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं. त्यातून देशभरातल्या नामांकित संस्थांमध्ये २५ केंद्रं उभी राहिली. त्यातलं सायबर सुरक्षेचं केंद्र म्हणजे आयआयटी कानपूरचं सी-थ्री-आय-हब. वीज आणि पाणी यंत्रणांच्या सुरक्षेवर तिथे काम चालतं, शिवाय नव्या स्टार्टअपना निधी आणि मार्गदर्शन मिळतं. हा शेवटचा मुद्दा वहीत लिहून ठेवा.

कोण काय देतं, कोण काय घेतं?

बिझनेसच्या भाषेत मांडू या. भागीदारी टिकते ती प्रत्येकाला काहीतरी मिळतं म्हणून.

- सरकार पैसा आणि कायद्याचं पाठबळ देतं. बदल्यात त्याला सुरक्षित यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसं मिळतात.
- विद्यापीठ लॅब, डोकी आणि तटस्थ जागा देतं. बदल्यात त्याला निधी आणि अभ्यासाला खरे प्रश्न मिळतात.
- उद्योग यंत्रसामग्री, अनुभव आणि रोजच्या अडचणी घेऊन येतो. बदल्यात त्याला उपाय मिळतात आणि तयार मुलं नोकरीला मिळतात.

आता दुसरी बाजूही सांगतो. अशा भागीदाऱ्या फसतात, आणि बहुतेक वेळा तीन कारणांनी. एक, कॉलेज सेमिस्टरच्या कॅलेंडरवर चालतं आणि धंदा रोजच्या गल्ल्यावर. परीक्षा आली की प्रोजेक्ट अनाथ होतो. दोन, शोधाचा मालक कोण हे आधी लिहिलेलं नसतं, मग पैसा दिसायला लागला की भांडण. तीन, एमओयूवर सह्या होतात, फोटो निघतो, पण सोमवारी सकाळी काम कोण करणार हे ठरलेलंच नसतं.

छोटा पुरवठादार म्हणजे मागचं दार

२०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले कुठून? रेफ्रिजरेशन आणि एसीचं काम करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराच्या लॉगिनमधून! टार्गेटच्या पुढच्या दाराला कितीही मजबूत कुलूप असलं, तरी मागच्या दाराची किल्ली त्या कंत्राटदाराकडे होती.

म्हणूनच तुम्ही उद्या एखाद्या कारखान्याला सुटे भाग पुरवा, दवाखान्याला सॉफ्टवेअर द्या किंवा नगरपालिकेचं सीसीटीव्हीचं काम घ्या, "तुमची सुरक्षा कशी आहे?" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच. ज्याच्याकडे उत्तर तयार आहे, त्याचं कोटेशन पुढे सरकतं.

कायदाही बघून ठेवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटाच्या सुरक्षेत हलगर्जीपणा झाला तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. घाबरवण्यासाठी आकडा सांगत नाहीये. ग्राहकांचे मोबाईल नंबर लिहिलेली एक्सेल शीट तुम्ही कुठे ठेवता, याचा विचार व्हावा म्हणून सांगतोय.

तुमची स्वतःची छोटी भागीदारी

आयआयटीपर्यंत जायची गरज नाही. तुमच्या तालुक्यात किंवा शेजारच्या शहरात इंजिनीअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक किंवा बीसीएचं कॉलेज असेलच. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टसाठी खरा विषय हवा असतो. तो तुमच्याकडे आहे. असं करा:

१. प्राध्यापकांना भेटा, थेट विद्यार्थ्यांना नको. मुलं पास होऊन जातात, विभाग तिथेच राहतो.

२. काम छोटं आणि मोजता येईल असं ठेवा. उदाहरणार्थ: वायफाय आणि राउटरचे पासवर्ड तपासणं, ग्राहकांचं वायफाय बिलिंगपासून वेगळं करणं, बॅकअप खरंच परत उघडतो का ते बघणं, सोडून गेलेल्या कामगारांचे लॉगिन बंद करणं.

३. सगळं लेखी ठेवा. काय तपासायचं, काय नाही, किती दिवस, अहवाल कोणाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे परवानगीशिवाय कोणाच्याही यंत्रणेत शिरणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "सर, जरा हॅक करून दाखवू का?" हा उत्साह मुलांना महागात पडू शकतो. त्यांना कागदाचं संरक्षण द्या.

४. खरा डेटा हातात देऊ नका. नावं-नंबर बदललेली प्रत द्या.

५. मानधन द्या. थोडं असलं तरी द्या. फुकटच्या कामाचा पाठपुरावा करता येत नाही.

फुकट मिळतं ते आधी घ्या

२०१७ मध्ये सुरू झालेलं सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र व्हायरस शोधायची आणि काढायची साधनं मोफत देतं. मोबाईलसाठीचं एम-कवच पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बनवलेलं आहे. आणि ऑनलाइन पैसे गेले, तर पोलीस ठाण्याची वाट धरण्याआधी १९३० वर फोन लावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचा असतो, तिथे मिनिटं मोजली जातात.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या. डाव्या बाजूला लिहा: आपला धंदा कोणाकोणाच्या यंत्रणेवर चालतो? बँक, पेमेंट ॲप, बिलिंग सॉफ्टवेअर, इंटरनेटवाला. उजव्या बाजूला लिहा: यातलं एक दिवस बंद पडलं तर आपण काय करणार? रोख सुट्टे पैसे, दुसऱ्या बँकेचा क्यूआर, हाताने लिहायचं बिलबुक. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची: आपल्याकडून कोणाच्या यंत्रणेत शिरता येतं?

कागद पूर्ण भरला की त्याचा फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात घेऊन जा. बोलणी सुरू करायला एवढा कागद पुरे. काय झालं ते खाली नक्की लिहा, अडलेल्या प्रश्नांवर पुढचा व्हिडिओ करू.