कृत्रिम सांध्यावर लपलेले जंतू

गुडघा बदलून वर्ष होत आले आहे. मधले काही महिने बरे गेले, पण आता दुखणे पुन्हा डोके वर काढते आहे. ताप नाही, सूजही फारशी नाही. सांध्यातील पाणी तपासायला दिले, तर कल्चरचा रिपोर्ट येतो : 'जंतूंची वाढ नाही'. मग जंतुसंसर्ग नाही असे समजायचे का? तेवढ्यावरून नाही.

गुडघा किंवा खुबा पहिल्यांदा बदलल्यावर शंभरातील साधारण एक-दोन रुग्णांना सांध्यात संसर्ग होतो. प्रमाण कमी असले तरी निदानावर पुढचे सारे अवलंबून असते. सांधा नुसताच सैल झाला असेल, तर एका शस्त्रक्रियेत बदलता येतो. संसर्ग जुना असेल, तर अनेकदा सांधा काढून, काही आठवडे प्रतिजैविके देऊन मगच नवा बसवतात. निदान हुकले, तर नव्या सांध्यालाही तेच जंतू ग्रासू शकतात.

हे जंतू सापडत का नाहीत? ते धातू-प्लास्टिकला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. ओढ्यातील दगडावर शेवाळ धरावे, तसे ते तिथेच राहतात. भोवतालच्या पाण्यात आणि मांसात थोडेच उतरतात.

म्हणून जंतू जिथे आहेत तिथेच शोधायचे, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ठरवले. काढलेला सांधा द्रावणात बुडवून त्यांनी त्यावर कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडल्या. सोनाराकडे दागिने धुण्याचे यंत्र असते, तोच हा प्रकार. थर सुटून जंतू द्रावणात आले आणि त्या द्रावणाचे कल्चर केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३३१ रुग्ण होते. त्यांपैकी ७९ जणांना संसर्ग होता. नेहमीच्या मांसाच्या नमुन्यांतून ६०.८ टक्के संसर्ग पकडले गेले, या पद्धतीने ७८.५ टक्के. शस्त्रक्रियेआधीच्या १४ दिवसांत प्रतिजैविके घेतलेल्यांमध्ये तर हे आकडे ४५ आणि ७५ टक्के होते.

अर्थात, ही तपासणी सांधा काढल्यावरच होते. शिवाय त्वचेवर एरवी निरुपद्रवी असणारे जंतूच अनेकदा सांध्यात शिरतात. एका नमुन्यात ते दिसले, तर हाताळताना मिसळले असण्याची शंका राहते. त्यासाठी शस्त्रक्रियेत वेगवेगळ्या जागांचे पाच-सहा नमुने घेतात. दोन किंवा अधिक नमुन्यांत तोच जंतू आढळला, तर संसर्गाचा भक्कम पुरावा मिळतो. काही जंतू फार सावकाश वाढतात. खांद्याच्या सांध्यात आढळणाऱ्या 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस'साठी कल्चर १४ दिवसांपर्यंत ठेवावे लागते.

यंत्राइतकीच रुग्णाची सावधगिरीही कामी येते. बदललेला सांधा दुखू लागल्यास घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. त्यांनी संसर्ग बरा होत नाही, पण जंतूंचा माग मात्र पुसला जातो. नमुने घेण्यापूर्वी औषध थांबवायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. थंडी वाजून ताप आला किंवा सांधा अचानक सुजून लाल झाला, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.