होडी पाण्यात तरते, पण रस्त्यावर?

हैदराबादेस समुद्र नाही, तरी शिडाच्या होड्या आहेत, असे सांगितले की मुंबईकडचे पाहुणे आमच्याकडे संशयाने पाहतात. मग त्यांना एखाद्या पावसाळी सकाळी हुसेनसागरावर न्यावे लागते. सोळाव्या शतकात बांधलेल्या या तलावावर पावसाळी वारा सुटला की शर्यतींचा हंगाम सुरू होतो. 'लेझर' जातीच्या होडीचे नुसते सांगाडावजा अंग ५९ किलोंचे आणि लांबी ४.२३ मीटर; मुलांची 'ऑप्टिमिस्ट' त्याहून लहान, सुमारे ३५ किलोंची. परंतु या होड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जी इंजिनाची बचाव-नौका लागते, तिचे वजन इंजिन, टाकी आणि ट्रेलर धरून सहज सातआठशे किलोंवर जाते. आमची गोष्ट अशाच एका नौकेची आहे.

काही वर्षांपूर्वी आषाढात अंबरपेठेतील एका शेडमध्ये फायबरचे काम करून घेतलेली ती नौका आम्ही जीपमागे जोडून टँकबंडकडे निघालो. सोबत पुतण्या होता. संध्याकाळ झाली होती, पाऊस भुरभुरत होता. छे नंबर चौक ओलांडून तिलकनगरच्या बाजूस वळताना आम्ही इंडिकेटर लावला आणि आरशात पाहिले, तो ट्रेलरचे सारेच दिवे काजव्यांप्रमाणे एकदम लुकलुकत होते. पुढे एक रिक्षा थांबली. आम्ही ब्रेक दाबला. मागे टायर घासल्याचा कर्कश आवाज झाला. स्कूटरवर नवरा, बायको आणि मध्ये लहान मूल. त्यांचे पुढचे चाक नौकेच्या इंजिनापासून वीतभर अंतरावर थांबले होते. 'लाइट कहाँ है साब?' एवढेच तो गृहस्थ म्हणाला. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

रस्त्याच्या कडेला असलेल्या एका वयस्क इलेक्ट्रिशियन मिस्त्रींनी ते दिले. त्यांनी बल्ब पाहिले नाहीत, फ्यूज पाहिला नाही. जीपच्या बॅटरीच्या ऋण टोकाला एक लांब वायर बांधली आणि तिचे दुसरे टोक ट्रेलरच्या दिव्याच्या धातूच्या बुडाला टेकविले. दिवे लख्ख लागले. 'करंट तो जा रहा साब, वापस नहीं आ रहा,' ते म्हणाले.

दिव्याच्या साऱ्या शास्त्राचे सार त्या वाक्यात आहे. विजेला जाण्यासाठी जशी वाट लागते, तशीच परतण्यासाठीही लागते. या परतीच्या वाटेला आपण 'अर्थ' म्हणतो. ती तुटली की इंडिकेटरची वीज उलट फिरून ब्रेकच्या व मागच्या दिव्यांच्या तारांतून जीपकडे जाऊ पाहते. म्हणून सारे दिवे मंदपणे एकत्र लुकलुकतात. आमच्या ट्रेलरची अर्थची पांढरी वायर गंजून तुटली होती. आतापर्यंत दिवे लागत होते ते केवळ जोडणीच्या लोखंडी गोळ्यातून वीज कशीबशी परतत होती म्हणून. गोळ्याला ग्रीस आणि रस्त्याला खड्डे. ती वाट टिकणार किती?

गंज किती प्रकाश खातो, याचा हिशेब वाचकांनी एकदा करून पाहावा. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून साडेतीन अँपिअर वीज घेतात. वाटेतल्या गंजलेल्या सांध्याने केवळ एक ओहम अडथळा केला, तरी बल्बपाशी सुमारे नऊच व्होल्ट पोहोचतात आणि प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. दिवा लागतो, पण मागच्यास दिसत नाही. पूर्ण विझलेल्या दिव्यापेक्षा हा अधिक फसवा, कारण आपण निर्धास्त असतो.

सात पिनांच्या प्रचलित प्लगमध्ये पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, पांढरी अर्थची, लाल ब्रेकच्या दिव्याची, तपकिरी उजव्या आणि काळी डाव्या मागच्या दिव्याची असते. निळी धुक्याच्या दिव्यासाठी. मात्र आपल्याकडील कारागीर हाती येईल त्या रंगाची वायर जोडतात. म्हणून रंगावर विसंबू नये, चाचणीच्या दिव्याने प्रत्येक पिन तपासावी. एकच दिवा गेला असेल तर दोष बल्बचा किंवा त्याच्या वायरचा. एका बाजूचे सगळे गेले तर त्या बाजूच्या सांध्याचा. सगळेच वेडेवाकडे वागू लागले तर प्रथम अर्थ पाहावा. आणि होडी पाण्यात उतरविण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा. तापलेला बल्ब थंड पाण्यात बुडाला की तडकतो.

दिवे दुरुस्त झाले, पण मिस्त्रींनी उजव्या चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू नेली आणि चटकन काढून घेतली. हब तापले होते. जळका वासही येत होता. मागच्या हंगामात आम्ही ट्रेलर पाण्यातून काढून ओलाच उभा केला आणि वर हँडब्रेक ओढून ठेवला होता. ब्रेकशू ड्रमला गंजाने चिकटले होते. एक चाक अडलेले, दुसरे मोकळे. अशा ट्रेलरचा ओल्या रस्त्यावर तोल जातो.

अशा ट्रेलरचा ब्रेक पायाने लागत नाही. जीप मंदावली की ट्रेलर स्वतःच्या वेगाने पुढे रेटतो, त्या रेट्याने जोडणीतला दांडा मागे सरकतो आणि केबल ओढली जाते. म्हणून मागे घेताना ब्रेक आपोआप लागू नये यासाठी जुन्या जोडणीत अडसराची पिन असते. ती काढायचे विसरलो, तर पुढे जाताना ब्रेकच लागत नाही. तपासणी सोपी आहे: पुढची चाके अडवून एकेक चाक जॅकने उचलावे, हाताने फिरवावे आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. दोन्ही चाके सारखीच अडली पाहिजेत. ढिलाई असेल तर आधी ड्रममधील शू नीट बसवावेत, केबल शेवटी ताणावी. उलट क्रम केल्यास दोष फक्त झाकला जातो. हबमधले ग्रीस दुधाळ दिसले तर आत पाणी गेले असे समजावे. प्रवासाने तापलेले हब लगेच थंड पाण्यात नेले की ते पाणी आत ओढून घेते. म्हणून काठावर थोडे थांबावे.

ओझ्याचा तोल काय करू शकतो, हे हुसेनसागराने स्वतःच पाहिले आहे. बुद्धाची भव्य अखंड मूर्ती रस्त्याने सुखरूप तलावाकाठी आली, पण मार्च १९९० मध्ये तराफा कलला, मूर्ती तळाशी गेली आणि माणसे दगावली. ती बाहेर काढून डिसेंबर १९९२ मध्ये स्थापन झाली. ट्रेलरवरही होडीचे वजन मागे झुकले की तो शेपटीसारखा झुलू लागतो; वजनाचा थोडा भार पुढच्या जोडणीवर असलाच पाहिजे.

अंबरपेठ मुसीच्या काठी आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराच्या आठवणी येथील जुन्या घराण्यांत अजून सांगितल्या जातात. जुलै २०२२ मध्येही मुसारामबाग पूल पाण्यामुळे वाहतुकीस बंद करावा लागला होता. बचाव-नौका कधी कोणाच्या दारी न्यावी लागेल, सांगता येत नाही. पाण्यावर ती कितीही उत्तम चालो, रस्त्यावरच अडली तर तिचा उपयोग काय?

आता निघण्यापूर्वी पुतण्या मागे उभा राहतो आणि आम्ही जीपमधून एकेक दिवा लावतो. 'डावा... उजवा... ब्रेक...' असे तो ओरडतो. पाच मिनिटे जातात. त्या पाच मिनिटांत दर वेळी आम्हांस स्कूटरवरचे ते मूल आठवते.