चिंच : बांधावरील झाड आणि वखारीतील माल

चिंच हा वृक्ष मूळचा आफ्रिका खंडातील. परंतु तो आपल्या देशात इतक्या प्राचीन काळापासून रुजला आहे की, अरब व्यापाऱ्यांनी त्याच्या फळाला ‘तमर हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानचा खजूर असेच नाव दिले; आणि लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 साली त्याच नावावरून या वृक्षास शास्त्रीय नाम दिले. हरभरा, तूर यांच्याच शिंबावर्गातील हे झाड. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दुकानी चिंचेची उलाढाल होते. म्हणून या मालाचे मोल कोठे वाढते व कोठे बुडते, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

लागवडीविषयी प्रथम. बियांपासून वाढविलेले झाड फळावर येण्यास सात ते दहा वर्षे लागतात. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळते. म्हणून कलमेच लावावीत. ‘प्रतिष्ठान’ आणि तमिळनाडूतील पेरियकुळम येथील ‘पीकेएम-1’ हे वाण प्रसिद्ध आहेत. दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवल्यास एकरी चाळीस झाडे बसतात. कंग्राळी बुद्रुक व खुर्द या गावांकडे पाऊस पुष्कळ. तेथे भाताच्या खाचरात चिंच लावण्यात अर्थ नाही, कारण मुळाशी पाणी साचलेले या झाडास मानवत नाही. उंचवट्याची निचऱ्याची जागा किंवा माळ पाहावा. गोकाक-अथणीकडील कोरडे हवामान तिला अधिक पोषक आहे. चिंचेखाली निजू नये असे वडीलधारी मंडळी सांगत. लावू नये असे मात्र कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

फळे साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात पिकतात. काठीने झोडपून चिंच पाडण्याची रीत सोपी खरी, पण तिने कोवळ्या डहाळ्या मोडतात व पुढील बहरास धक्का बसतो. आधीच हे झाड एक वर्ष भरघोस व दुसऱ्या वर्षी हात आखडून फळणारे!

आता वखारीकडे वळू. शंभर किलो आख्ख्या चिंचेत सुमारे पंचावन्न किलो गर, चौतीस किलो चिंचोके आणि उरलेले टरफल व शिरा निघतात. चिंचोक्यात भुंगेरा राहतो. तो बोटकांवर अंडी घालतो व त्याची अळी चिंचोका पोखरते. झाडावरच लागलेली ही कीड मालाबरोबर वखारीत येते आणि वाढते. चातुर्मासात दमट हवेने गरही काळा पडून पाझरू लागतो. अशा वेळी विषारी धुरी देण्याचा उपाय सुचविला जातो. अहिंसा हे ज्यांचे व्रत, त्या व्यापाऱ्यास हा उपाय रुचेल कसा? जीवोत्पत्ती होऊ देऊन मग तिचा नाश करण्यापेक्षा ती होऊच न देणे हेच आपल्या आचारास व हिशेबासही धरून आहे. त्यासाठी चिंच उन्हाळ्यातच फोडून, चिंचोके व शिरा काढून, कडक उन्हात वाळवावी, दाबून, हवाबंद बांधून ठेवावी, साधल्यास शीतगृहात. तेथे रंगही टिकतो. फोडणाऱ्या बायकांची मजुरी आधी द्यावी लागते म्हणून आख्खाच माल भरून ठेवणारे व्यापारी आम्ही पाहतो; श्रावणात ते वजनही गमावतात आणि भावही.

चिंचोका मात्र फेकू नये. तो भाजून, तपकिरी साल काढून, पांढरा गाभा दळला की उत्तम खळ होते. धनगरी घोंगडीच्या ताण्यास ही खळ पूर्वापार देत आले आहेत. कापड व ताग गिरण्यांतही तिचा उपयोग झाला. जपानमध्ये चिंचोक्याचा चिकट अंश खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी वापरतात. तेव्हा चिंचोके फोडणीच्या दिवशीच वेगळे करून, चाळून, कोरड्या जागी ठेवावेत आणि पावसाळ्यापूर्वी विकून टाकावेत. गराच्या गोणीशेजारी त्यांची थप्पी लावू नये.