पुरुषाचं वेड, बाईचा दोष

अक्कलकुवा तालुक्यातलं काठी हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते राजवाडी होळीसाठी. सातपुड्यातल्या या जुन्या संस्थानी गावात होळी पेटते पहाटे. उंच बांबूचा दांडा उभा राहतो. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्ये ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात. नवसाचे पुरुष त्या दिवसांत पालनी पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, ब्रह्मचर्यानं राहतात. काहीजण बाईचा वेश घेऊन नाचात उतरतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुरुषानं देहभान विसरावं, चार दिवस वेगळंच कुणी व्हावं, याला इथं मान आहे. पण याच डोंगरात एखादी बाई एकटीच बडबडू लागली, रात्री-अपरात्री घराबाहेर पडू लागली, की लोक तिच्याबद्दल दबक्या आवाजात बोलू लागतात. डाकीण हा शब्द मग दूर राहत नाही.

डाकीण ठरवलेली प्रत्येक बाई मनानं आजारी असते, असं मुळीच नाही. बहुतेक वेळा आजारी असतं दुसरंच कुणीतरी. पाड्यावर मूल दगावतं, जनावर मरतं, धडधाकट माणूस अंथरूण धरतो. नंदुरबार जिल्ह्यात कुपोषण आहे, सिकलसेल आहे आणि डोंगरातून दवाखान्यापर्यंतची वाट लांबची आहे. कारण कळत नाही तेव्हा भगताकडे जातात. भगत पुरुष असतो आणि तो ज्या घराकडे बोट दाखवतो तिथं सापडते ती बाई, त्यातही विधवा, निपुत्रिक किंवा जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी. रोग एकाच्या अंगात आणि शिक्षा दुसरीला, अशी ही रीत आहे. ती फार जुनी आहे. मेवाडच्या भिल्ल मुलखात उदयपूर संस्थानानं १८५३ साली या प्रथेवर बंदी घातली होती. शेजारच्या डांगातल्या डाकिणींवरील हिंसेचा इतिहास अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये इंग्रजीत मांडला. मराठी कथा-कादंबरीनं मात्र या बाईकडे फारसं पाहिलंच नाही.

मराठी साहित्यात वेड कमी आहे म्हणून असं झालं, असंही म्हणता येत नाही. दीडशे वर्षांत वेड पुष्कळ आलं, पण ते कुणाच्या वाट्याला कसं आलं हे तपासलं पाहिजे.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. त्याच सुमारास, १८९२ मध्ये, अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा छापून आली. दोन्हीकडे बाई स्वतः बोलते. गिलमन यांच्या नायिकेला डॉक्टर नवरा विश्रांतीच्या नावाखाली खोलीत ठेवतो, लिहू देत नाही, आणि तिचं मन ढासळत जातं. हरिभाऊंच्या यमूच्या मनाला आजार नाही. ती शहाणी आहे, वाचते, लिहिते. नवरा गेल्यावर तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन होतं आणि त्या धक्क्यातून ती सावरत नाही. त्या प्रसंगातल्या घरच्या वडीलधाऱ्यांचं वागणं आजच्या भाषेत विकृत म्हणावं लागेल, पण त्या घरात तेच रीतीचं ठरतं. त्यांच्यातल्या शंकरमामंजींना वेडा म्हणायला कुणी धजावत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच आपल्या वडिलांची हकिगत सांगितली आहे. १८५७च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि तेव्हापासून वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेलं मीठदेखील धुऊन घ्यायचं. आज मानसोपचारतज्ज्ञ याला मंत्रचळ म्हणतील. लक्ष्मीबाई हे सारं हसत-खेळत सांगतात, पण नीट वाचलं की दिसतं, आजार वडिलांचा आणि धुण्याचे, भिजण्याचे, उपाशी राहण्याचे कष्ट घरातल्या बायकांचे. पुरुषाच्या मनोविकाराची किंमत घर कशी मोजतं, याचं इतकं नेमकं चित्र मराठीत पुन्हा क्वचितच आलं. माझ्या मते आपल्या मनोविकारविषयक लेखनाची सुरुवात या पानांपासून मोजायला हवी.

पुढे रंगभूमीनं पुरुषाच्या वेडाला मोठा मान दिला. वसंत कानेटकरांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ मध्ये आलं आणि श्रीराम लागूंची त्यातली भूमिका गाजली. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ आलं. १९७७ मध्ये जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ आलं, घराण्यात चालत आलेल्या वेडाच्या सावलीत जगणाऱ्या माणसाचं. ही थोर नाटकं आहेत. कोसळणाऱ्या पुरुषाला त्यांनी भाषा दिली, स्वगतं दिली, प्रेक्षकांचे अश्रू मिळवून दिले. पण ‘बॅरिस्टर’मधली केशवपन केलेली मावशी आठवून पाहा. त्या वाड्यात तिचंही आयुष्य उद्ध्वस्त झालेलं आहे, आणि नाटकाचं नाव मात्र बॅरिस्टरचं आहे.

बायकांनी लिहायला घेतल्यावर चित्र बदललं. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’नं १९३३ मध्ये शिकलेल्या, कमावत्या मुलींची घुसमट मांडली आणि गदारोळ उठला. कमल देसाईंनी १९७५ मध्ये ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ लिहिलं. त्यांच्या बायका चारचौघांना वेड्या वाटतील अशाच आहेत. लेखिका त्यांना बरं करायला जात नाही, त्यांच्या बाजूनं उभी राहते. सिनेमात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया भावाला आहे आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे, म्हणजे वाटणी जुनीच. पण त्यात बहिणीची दमछाक दिसते, तिची चिडचिडही दिसते. त्यांच्याच ‘कासव’मध्ये नैराश्यातून गेलेली बाई एका तरुणाला आधार देते, आणि तो देताना आपला आजार लपवत नाही.

हे सगळं पुण्या-मुंबईत, कोकणात, वाड्यात आणि चाळीत घडलं. सातपुड्याच्या पायथ्याशी १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. नवऱ्यांच्या दारूपायी मार खाणाऱ्या आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. त्याच चळवळीतले वाहरू सोनवणे यांनी भिल्ली आणि मराठीत कविता लिहिली. त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ मध्ये निघाला. आदिवासी माणूस स्वतःबद्दल स्वतः बोलू लागला. पाड्यावरच्या बाईनं आपल्या मनाबद्दल लिहिलेलं पुस्तक मात्र आजही वाचनालयात सहज हाताला लागत नाही.

कायदे साहित्याच्या पुढे गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क मानला. पण ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं काठीपासून फार दूर आहेत. बाळंतपणानंतर खिन्न झालेल्या बाईला तिथपर्यंत कोण नेणार? तिला काय होतंय हे तिच्या बोलीत विचारणारं माणूस गावात लागतं. तिच्यासारखीची गोष्ट कुणी तरी आधी सांगितलेली असावी लागते, म्हणजे शेजारपाजार तिच्याकडे संशयानं पाहणार नाही.

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा इथल्या महाविद्यालयांत आज भिल्ल, पावरा घरांतल्या मुली शिकत आहेत. मराठीच्या प्राध्यापकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. या मुलींकडून होळीवरचे लेख खूप मागवून झाले. आता त्यांच्या आजीला, काकूला, शेजारणीला गावानं काय म्हटलं आणि तिला खरं काय झालं होतं, ते लिहून मागवा. नावं बदला, गाव बदला, हवं तर भिल्लीत किंवा पावरीत छापा, पण छापा.