‘सभागृहात मांडला’ म्हणजे नेमकं काय झालं?

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या मोबाइलवर एक ठरावीक चित्रफीत फिरू लागते. आमदार उभे, समोर माईक, ‘अध्यक्ष महाराज’ अशी सुरुवात. मग किन्हवलीचा रस्ता, डोळखांबचं पाणी, नाहीतर मुरबाडचं रुग्णालय. दीड मिनिटात फीत संपते. खाली मजकूर असतो, ‘आपल्या भागाचा प्रश्न सभागृहात मांडला, लवकरच मार्गी!’ त्याखाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी किन्हवलीच्या नाक्यावर चहा पिता पिता कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘झालं ते काम. विधानसभेत घेतलंय.’

झालेलं नसतं. पुष्कळदा त्या दीड मिनिटात कुठल्याही मंत्र्याला काही विचारलेलंच नसतं.

हा गैरसमज इतका घट्ट बसला आहे की तो सावकाश सोडवावा लागतो. सभागृहात आमदार बोलले, याचे अनेक अर्थ होतात. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत, राज्यपालांच्या अभिभाषणावर किंवा नियम २९३ खालच्या चर्चेत सदस्य आपल्या मतदारसंघातली दहा कामं एका दमात सांगून टाकतात. ते भाषण. मंत्री शेवटी एकत्रित उत्तर देतात, त्यात किन्हवलीचं नाव येईलच असं नाही. औचित्याचा मुद्दा मांडला, तर तो शासनाच्या कानावर घातला एवढंच. मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावं असं बंधन नसतं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या फितींमध्ये हे दोन प्रकारच अधिक दिसतात, कारण ते छोटे असतात आणि त्यात समोरून ‘नाही’ ऐकावं लागत नाही.

मंत्र्याला खरोखर उत्तर देणं भाग पडतं ते प्रश्नाला आणि लक्षवेधी सूचनेला. लक्षवेधी नियम १०५ खाली येते आणि ती स्वीकारली गेली की मंत्र्यांना निवेदन करावं लागतं. प्रश्नाचे मुख्य प्रकार दोन. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे ज्याचं फक्त लेखी उत्तर मिळतं. तातडीच्या बाबींसाठी अल्पसूचना प्रश्न असतो, आणि उत्तरानं समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते.

यातला कुठलाही प्रश्न आमदार ऐन वेळी उठून विचारत नाहीत. अल्पसूचना प्रश्न सोडला तर तो अधिवेशनाच्या काही आठवडे आधी लेखी द्यावा लागतो. विधानमंडळ सचिवालय तो नियमांत बसतो का ते पाहतं आणि संबंधित विभागाकडे पाठवतं. छापील यादीत त्याचं रूप ठरलेलं असतं. समजा, भात खरेदीचा प्रश्न आहे. वर सदस्यांची नावं आणि कंसात मतदारसंघ. मग, ‘सन्माननीय आदिवासी विकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. खाली क्रमांक घालून: (१) मौजे किन्हवली (ता. शहापूर, जि. ठाणे) परिसरातील शेतकऱ्यांचे भात खरेदी केंद्रावर अद्याप मोजले गेले नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत, (३) याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?

उत्तरंही ठरावीक मुशीतून निघतात. ‘होय, हे खरे आहे.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि सर्वांत लाडकं, ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ केंद्राबाहेर टेम्पोत पोती घेऊन दोन दिवस थांबलेल्या शेतकऱ्यानं हे वाचलं तर त्याला काय वाटेल ते सांगायची गरज नाही. पण हे उत्तर आलं म्हणून प्रश्न वाया गेला, असं समजणं हा त्याच गैरसमजाचा दुसरा भाग आहे. ‘हे खरे नाही’ हे मंत्र्यांचं सभागृहातलं अधिकृत विधान असतं. केंद्रावरच्या नोंदवहीनं, पावतीनं किंवा माहिती अधिकारात मिळालेल्या कागदानं ते चूक ठरलं तर मंत्र्यांना दुरुस्ती करावी लागते. सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल झाल्याचं दिसलं तर विशेषाधिकार भंगाची सूचना देता येते. नुसत्या भाषणानं असला पुरावा हाती लागत नाही.

प्रश्नाचा खरा परिणाम पाहायचा तर सभागृहात नव्हे, तालुक्याच्या कचेरीत डोकवावं. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडून पत्र जिल्ह्याला येतं, जिल्ह्याहून तहसील, पंचायत समिती किंवा उपविभागाला. वर ‘अतितातडीचे’ असा शिक्का. कचेरीत त्याला म्हणतात, ‘एलएक्यू आलाय’, म्हणजे विधानसभेतला प्रश्न (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन). मग एरवी महिनोन्‌महिने न हललेली फाइल त्या दिवशी कपाटातून बाहेर येते, कुणाला तरी जागेवर पाठवून फोटो काढले जातात, अहवाल रात्री वर जातो. कधी कधी तर खड्डा त्याच आठवड्यात बुजतो आणि मग उत्तर छापलं जातं, ‘हे खरे नाही.’ यात लबाडी आहेच. पण खड्डाही बुजलेला असतो!

तारांकित प्रश्नाचा कस लागतो तो उपप्रश्नात. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं. उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना उभ्या उभ्या तोंड द्यावं लागतं, आणि अधिकाऱ्यांच्या दालनातून येणाऱ्या चिठ्ठ्या किती पुरतात ते तिथे कळतं. हा हक्क उशिरा आणि तुकड्या-तुकड्यानं मिळालेला आहे. १८९२ च्या कायद्यानं प्रांतिक कायदेमंडळांच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उत्तरावर प्रतिप्रश्न करायचा नाही या अटीवर. पुढे काही वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखले मुंबईच्या कायदेमंडळात बसले, तेव्हाही ती अट होतीच. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, १९१९ नंतर इतर सभासदांनाही. जाता जाता, १८९२ हेच शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला सुरू झाल्याचं वर्ष. तालुक्याचं पाणी आधी पोचलं; तालुक्याच्या तहानेविषयी सरकारला उलटून विचारायची सोय नंतर आली.

पाण्याचाच दाखला पुढे न्यायला हरकत नाही, कारण ‘आमदार काहीही विचारू शकतात’ हा समज तिथे चांगला सुटतो. मुंबईच्या रोजच्या पाण्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. ते धरण याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरही याच तालुक्यात. याबद्दल विचारायचं ते कुणाला? भातसा धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचं. तानसा मुंबई महापालिकेचं, म्हणजे सरकारात ते नगरविकास विभागाकडे. गावची नळयोजना आणि टंचाई यांचा संबंध पाणीपुरवठा विभागाशी. ‘शहापूरला पाणी का नाही?’ असा सरसकट प्रश्न दिला तर तो एका विभागाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होत अधिवेशन उलटून जातं. कुठली योजना, तिला प्रशासकीय मान्यता कधी मिळाली, खर्च किती झाला, काम कुठे थांबलं, असा नेमका प्रश्न मात्र टोलवता येत नाही.

कल्याण-मुरबाड रेल्वेचंही तेच. रेल्वे हा केंद्राचा विषय, तो प्रश्न लोकसभेत भिवंडीच्या खासदारांनी रेल्वेमंत्र्यांना विचारायचा. आमदार फार तर राज्यानं जमीन किंवा खर्चातला वाटा दिला का, एवढंच विचारू शकतात. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा राष्ट्रीय महामार्ग, ५४८ अ. तिथे मात्र काम राज्याच्या यंत्रणेमार्फत चालत असेल तर मुंबईत आणि दिल्लीत दोन्हीकडे विचारता येतं. आपल्याकडे सगळे मिळून एकाच आमदारांच्या दारात जातात, आणि तेही ‘बघतो’ म्हणतात.

आता उलट्या टोकाचा समज. ‘मंत्री तपासून पाहतो म्हणाले, म्हणजे टोलवलं. सगळं नाटक आहे.’ हे म्हणणाऱ्यांचा वैताग खोटा नाही, माहिती मात्र अपुरी आहे. लोकसभेत शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे. मंत्र्यांच्या तोंडचे कोणते शब्द आश्वासन धरायचे, याची तिच्याकडे यादीच आहे, आणि ‘विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ असली वाक्यं त्या यादीत बसतात. असं आश्वासन साधारण तीन महिन्यांत पुरं करावं किंवा मुदतवाढ मागावी, अशी तिथली पद्धत. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणजे मंत्री ‘तपासून पाहतो’ म्हणाले की तिथून एक खातं उघडतं. ते कुणी पुढे तपासत नाही, हा दोष वेगळा. समितीकडे पाठपुरावा करणारे आमदार थोडे, आणि समितीचं नाव ऐकलेले मतदार त्याहून थोडे. समितीच्या बैठकीच्या फिती फिरत नाहीत ना.

प्रश्नांमुळे सरकार हलल्याचं मोठं उदाहरण हवं असेल तर ते मुंबईशी जोडलेलं आहे. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. १९५७ मध्ये लोकसभेत त्यावर प्रश्न आले, उत्तरं गुळमुळीत मिळाली, आणि डिसेंबरात सत्ताधारी पक्षाच्याच फिरोज गांधी यांनी आकडेवार प्रकरण मांडलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला, त्याचं कामकाज मुंबईत जाहीरपणे चाललं आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सत्ताधारी आमदार-खासदार प्रश्न विचारत नाहीत, हा समजही याच उदाहरणानं निकालात निघतो.

‘पैसे देऊन प्रश्न विचारले जातात’ हा मात्र निव्वळ गैरसमज नाही. १९५१ मध्ये मुंबईचे एच. जी. मुद्गल यांच्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचा ठपका आला आणि त्यांना जावं लागलं. त्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारीच. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यापुढे पैसे घेणारे ११ खासदार बडतर्फ झाले, त्यांत दोन जळगाव जिल्ह्यातले होते. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये ही बडतर्फी कायम ठेवली. मात्र या दोन प्रकरणांवरून प्रत्येक प्रश्नाला विकत घेतलेला ठरवणाऱ्यांनी आधी विधिमंडळाची एक दिवसाची प्रश्नयादी वाचून पाहावी. अंगणवाडीची गळती, शिक्षकांची रिक्त पदं, बंद पडलेली रुग्णवाहिका. यासाठी कोण पैसे मोजणार?

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकतील. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास बुडाला की उत्तरही बुडतं, हे चूक: यादीतल्या तारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात, बुडतात ते उपप्रश्न. सगळे तारांकित प्रश्न तोंडी होतात, हेही चूक. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित असतात आणि तासाभरात त्यांतले मोजकेच हाती लागतात. करोनाच्या काळात संसदेनं प्रश्न बंदच केले होते, हे अर्धसत्य. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, पण अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं मिळत होती. किन्हवलीचा प्रश्न शहापूरच्याच आमदारांनी विचारावा लागतो, असं नाही. विधानसभेचे दुसरे सदस्य किंवा विधान परिषदेतले आमदारही विचारू शकतात, आणि एकाच प्रश्नाखाली बऱ्याच जणांची नावं असणं नेहमीचं आहे.

प्रत्येक दुर्घटनेवर प्रश्न का विचारला नाही, हा आरोपही अनेकदा चुकीच्या जागी लागतो. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात सरलांबे इथे समृद्धी महामार्गावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जणांचा जीव गेला, तेव्हा मुंबईत पावसाळी अधिवेशन चालू होतं. आठवडे आधी द्यावा लागणारा तारांकित प्रश्न अशा वेळी निरुपयोगी. तिथे स्थगन प्रस्ताव, लक्षवेधी, अल्पसूचना प्रश्न किंवा मंत्र्यांचं निवेदन हेच मार्ग. तारांकित प्रश्न पुढच्या अधिवेशनात येतो: चौकशी झाली का, जबाबदारी कुणाची, भरपाई पोचली का. तोवर फिती जुन्या झालेल्या असतात आणि विचारणाऱ्याचं कौतुक करायला फारसं कुणी उरत नाही.

‘मांडला’ म्हणून सांगणाऱ्याला म्हणूनच तीन गोष्टी विचाराव्यात: प्रश्नाचा क्रमांक किती, तारीख कोणती, उत्तर काय आलं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, त्यात हे ताडून पाहता येतं. क्रमांक नसेल तर ते भाषण होतं. आणि प्रश्न घालायला लावायचा असेल तर आमदारांना निवेदन देताना हारतुऱ्यांपेक्षा कागद जोडावेत: ग्रामसभेचा ठराव, कचेरीला दिलेल्या अर्जाची पोच, योजनेचं नाव आणि मंजुरीची तारीख. नागपूरचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात भरतं आणि प्रश्न त्याच्या काही आठवडे आधी जातात. भात खरेदीचा प्रश्न त्यात यायला हवा असेल तर निवेदन दिवाळीच्या सुमारास, कापणी चालू असतानाच, आमदारांच्या हाती पडलं पाहिजे.