दोन गाणीं, एक लय

"डीजे" हा शब्द कानीं पडतांच आमच्या पिढीचे हात आपोआप कानांवर जातात. मिरवणुकींत खिडक्यांचीं तावदानें थरथरविणारी कर्ण्यांची भिंत, एवढाच त्याचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. त्यामुळें महाविद्यालयांत शिकणाऱ्या आमच्या नातवानें आपण ही विद्या शिकणार असें जाहीर केलें, तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. आमचे बंधु म्हणाले, "दुसऱ्याचीं गाणीं लावण्यांत कसली आली आहे विद्या?" आम्हांसहि तसेंच वाटत होतें, परंतु ३५ वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत गेल्यामुळें, न वाचतां गुण देणें बरें दिसेना. म्हणून आम्ही त्याच्या खोलींत जाऊन बसलों.

या विद्येचा पहिला धडा म्हणजे दोन गाण्यांची लय जुळविणें. एक गाणें संपत आलें असतां दुसरें त्यांत असें मिसळावयाचें कीं, नाचणाऱ्याचें पाऊल अडखळूं नये. ही रीत मूळची अमेरिकेंतील. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरीं एका जुन्या चर्चच्या इमारतींत सँक्चुअरी नांवाचें नृत्यगृह होतें. तेथें फ्रान्सिस ग्रासो यानें ती रूढ केली, असें जाणकार मानतात. खालचें चक्र फिरत असतां तबकडी हातानें धरून ठेवावयाची आणि नेमक्या ठोक्यास सोडून द्यावयाची, ही त्याची हातोटी. पुढें १९७२ सालीं जपानी बनावटीचें टेक्निक्स 'एसएल-१२००' हें यंत्र निघालें, आणि १९७९ च्या सुधारलेल्या आवृत्तींत वेग शेंकडा आठपर्यंत कमीअधिक करणारी सरकती पट्टी आली. नातवाच्या यंत्रावर तबकड्या नाहींत. लॅपटॉपला जोडलेल्या दोन चकत्या आहेत. पट्टी मात्र तीच.

यांत अवघड तें काय, असें वाचक विचारतील. समजा, एका गाण्यांत मिनिटास १२६ ठोके आहेत व दुसऱ्यांत १२०. दुसऱ्याचा वेग शेंकडा पांच वाढविला कीं दोन्ही सारखीं झालीं. हें गणित शाळेंतलें आहे. परंतु मिनिटास एका ठोक्याचीहि चूक राहिली, तर अर्ध्या मिनिटांत एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडूं लागतो, आणि लंगड्या घोड्याच्या टापा ऐकूं येतात. शिवाय वेग जुळला म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. चारांतील पहिली मात्रा पहिलीवरच पडली पाहिजे. तबलजीस समेचें जें भान लागतें, तसेंच येथेंहि लागतें.

शिकणारा एका कानानें चालू गाणें ऐकतो व दुसऱ्या कानाला हेडफोन लावून पुढचें. पुढचें गाणें मागें रेंगाळतें आहे कीं पुढें धांवतें आहे, हेंच नवशिक्यास कळत नाहीं. त्यास उपाय असा: बोटानें चकती किंचित् पुढें ढकलावी, गोंधळ वाढला तर दिशा चुकली, कमी झाला तर बरोबर. मग ज्या बाजूस वारंवार ढकलावें लागतें, त्या बाजूस पट्टी थोडी सरकवावी.

तीन आठवडे रात्रीं दारामागून तो लंगडा घोडा ऐकूं येत होता. एके रविवारीं नातवानें सर्वांस बोलावून दोन गाणीं अशीं जोडून दाखविलीं कीं, सांधा कोठें होता तें कळेना. बंधूंनीं सुद्धां शाबासकी दिली. रात्रीं मात्र तो आमच्या अंथरुणापाशीं येऊन बसला. "आजोबा, तें मीं जुळविलें नव्हतें. यंत्रावर सिंक म्हणून बटण असतें. तें दाबलें कीं लय आपोआप जुळते."

आम्हांस पुस्तकाच्या मागचीं उत्तरें पाहून गणितें सोडविणारे आमचे विद्यार्थी आठवले. त्यांपैकीं कोणी रात्रीं येऊन कबुली दिल्याचें मात्र आठवेना. आम्ही रागावलों नाहीं. बटण वापरणें हा कांहीं गुन्हा नव्हे. मुरलेले व्यावसायिकहि तें वापरतात. आम्हीं इतकेंच विचारलें, "उत्तर आलें खरें, पण कान तयार झाला का?"

दुसऱ्या दिवशीं त्यानें लॅपटॉपच्या पडद्यावर आमचा पंचा टाकला, म्हणजे आंकडे दिसावयास नकोत. महिन्याभरानें मंडळी पुन्हां जमली. या खेपेस सांधा निर्दोष नव्हता. मध्येंच घोडा लंगडूं लागला. नातवाच्या कपाळावर घाम आला. त्यानें चकतीस बोटानें हलकासा धक्का दिला, आणि दोन्ही ठोके पुन्हां एक झाले. बंधु कांहीं बोलले नाहींत. त्यांचें बोट मात्र मांडीवर ताल धरून होतें.

मिरवणुकींतील भिंतीविषयीं आमचें मत अद्यापि तेंच आहे. परंतु मुलांनीं नवी विद्या घरांत आणली, तर वडील मंडळींनीं तिचा पहिला धडा तरी शेजारीं बसून पाहावा आणि मग निवाडा करावा, इतकेंच आमचें सांगणें.